ग्रॉस नको, शेअर सांग

७० कोटी डॉलरचा गल्ला करूनही एखादा सिनेमा निर्मात्याला रडवू शकतो, ही गोष्ट भुसावळच्या जुन्या फिल्म लाइनमधल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. 'फास्ट अँड फ्युरिअस' या हॉलिवूडच्या मोटारींच्या मालिकेचा दहावा भाग २०२३ च्या मे महिन्यात आला आणि जगभरातून त्याने साधारण ७० कोटी डॉलर गोळा केले. आकडा ऐकून डोळे पांढरे व्हावेत. पण सिनेमा बनवायलाच ३४ कोटी लागल्याचं छापून आलं होतं, जाहिरातीचे वेगळे. टॉकीजवाल्यांचा निम्मा वाटा काढला की हातात उरतात पस्तीस. म्हणजे जेवढे घातले तेवढेच परत आले, आणि जाहिरातीचा खड्डा टीव्ही-ओटीटीचे हक्क विकून बुजवत बसायचं. त्याच मालिकेचा पहिला भाग २००१ मध्ये ३ कोटी ८० लाखांत बनला होता आणि २० कोटींच्या वर घेऊन आला होता. घातलेल्या डॉलरमागे तेव्हा पाच मिळत, आता दोन.

एवढी मोठी, वीस-पंचवीस वर्षं चाललेली फ्रँचाइज इथवर कशी आली, याची इंग्रजीतली विश्लेषणं मी बरीच वाचली. पण मला ती भानगड खऱ्या अर्थाने कळली ती आमच्या नानांच्या हिशेबातून.

सिनेमाच्या धंद्याचा नकाशा आपल्या नकाशापेक्षा वेगळा असतो. त्यात जळगाव-भुसावळ मुंबईच्या खात्यात नाही, सीपी बेरारमध्ये आहे. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार हा प्रांत सरकारदरबारी १९५० मध्येच संपला. फिल्म लाइनने मात्र तो अजून जिवंत ठेवलाय. आणि सीपी बेरार, सेंट्रल इंडिया, राजस्थान एवढ्या मोठ्या मुलखातल्या वितरकांची आणि टॉकीजवाल्यांची जी संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, तिचं बस्तान आमच्या भुसावळात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. भुसावळ म्हणजे त्याला केळी, रेल्वे आणि उन्हाळा एवढंच ठाऊक. पण जंक्शन होतं म्हणूनच तर हे झालं. सिनेमाची रिळं पत्र्याच्या पेट्यांतून रेल्वेच्या पार्सल डब्याने फिरायची. मुंबईहून आलेली पेटी इथून नागपूरकडे जायची, इटारसीकडे जायची. ज्या गावात पेट्या बदलतात त्याच गावात पेटीवाले बसणार.

नाना, म्हणजे माझे थोरले काका, अशाच एका वितरकाकडे रिप्रेझेंटेटिव्ह होते. पेटीबरोबर गावोगावी जायचं, बुकिंगच्या खिडकीशी उभं राहायचं आणि रात्री शेवटचा खेळ सुटला की डीसीआरवर सही करून घ्यायची. डेली कलेक्शन रिपोर्ट. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जात असे, तेव्हा तो कागद मी कैकदा पाहिलाय. बाल्कनी, स्टॉल, फर्स्ट असे रकाने. प्रत्येकात पहिल्या तिकिटाचा नंबर, शेवटच्या तिकिटाचा नंबर, वजाबाकी, गुणिले दर. खाली बेरीज, ती ग्रॉस. त्यातून करमणूक कर वजा, ती नेट. त्यातून टॉकीजचं भाडं वजा, मग जे उरेल तो शेअर. नाना बोट जिभेला लावून कार्बन सरकवायचे आणि खालची प्रत उमटली की नाही हे कंदिलाशी नाक लावावं तसं वाकून बघायचे. मध्यंतराच्या आधी ते एकदा हळूच पडद्याआडून आत डोकावत आणि ओळीने डोकी मोजत. कारण काही डोअरकीपर तिकीट न फाडता परत खिडकीवर पाठवत, आणि तेच तिकीट पुन्हा विकलं जाई. डोकी दोनशे आणि तिकिटं दीडशे निघाली की रात्री भांडण ठरलेलं. मला त्या भांडणांची सिनेमापेक्षा जास्त मजा येई.

त्या काळापासून नानांना एक सवय लागली, ती अजून आहे. कुणी म्हणालं, अमक्या पिक्चरने तीनशे कोटी केले, की नाना म्हणणार, "ग्रॉस नको सांगू मले. शेअर सांग."

ही सवय हॉलिवूडला लावून बघितली तर पुष्कळ धूर निवळतो. 'फास्ट'चा सातवा भाग २०१५ मध्ये आला आणि जगभरात त्याने दीड अब्ज डॉलर केले. त्यात अमेरिकेचे ३५ कोटी आणि चीनचे ३९ कोटी. वरवर बघितलं तर चीन अमेरिकेच्या पुढे गेला. पण अमेरिकेत स्टुडिओला गल्ल्यातला निम्मा किंवा थोडा अधिक भाग मिळतो, चीनमध्ये सुमारे चौथा. म्हणजे चीनच्या ३९ मधले दहासुद्धा घरी येत नाहीत. २०१७ च्या आठव्या भागात चीनने पुन्हा ३९ दिले, पण अमेरिका ३५ वरून साडेबावीसवर घसरली. जगाची बेरीज १२३ कोटींच्या वर, त्यामुळे सगळीकडे पेढे वाटले गेले. नाना तिथे असते तर म्हणाले असते, घरचं गिऱ्हाईक का कमी झालं ते आधी बघा. दहाव्या भागाला अमेरिकेत १५ कोटीसुद्धा जमले नाहीत, आणि चीनही १४ वर आला.

आता मालिका म्हटल्यावर धंद्यात नेमकं काय होतं, ते सांगतो. आमच्याकडे पिक्चर घेण्याच्या मुख्य पद्धती दोन. एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी: वितरकाने ठरलेली रक्कम निर्मात्याला आधीच मोजायची, चालला तर ती रक्कम, खर्च आणि कमिशन वसूल झाल्यावरची वरकड दोघांत वाटायची, पडला तर तोटा मात्र वितरकाचाच. दुसरी परसेंटेजची: जेवढा धंदा होईल त्यातला ठरलेला टक्का. पहिला भाग नवीन असतो, कुणाला भरवसा नसतो, म्हणून तो स्वस्तात मिळतो आणि वितरकाला न्हाऊ घालतो. दुसऱ्या भागाला निर्माता पहिल्या भागाचे डीसीआर टेबलावर पसरूनच बोलायला बसतो. एमजी दीडपट, दुप्पट. पहिल्या भागाचं यश दुसऱ्याच्या किमतीत आधीच वसूल केलेलं असतं. पिक्चर तेवढाच चालला, तर मागच्या वेळी ज्याच्यावर बंगला बांधला त्याच्यावर आता दुकान गहाण पडतं. मग वितरक निर्मात्याच्या दारात जाऊन बसणार, आणि निर्माता म्हणणार, पुढच्या पिक्चरमध्ये ॲडजस्ट करू. या 'पुढच्या पिक्चर'च्या आशेवर आमच्या गावात कित्येक संसार चालले.

हॉलिवूडमध्ये वितरक आणि निर्माता बहुधा एकच स्टुडिओ असतो, त्यामुळे एमजीचा प्रश्न येत नाही. पण हीच चढती किंमत तिथे मानधनाच्या रूपाने वसूल होते. आणि 'फास्ट'ने तर स्वतःच्या पायावर मोठाच धोंडा पाडून घेतला: तिचं सगळं तत्त्वज्ञानच 'फॅमिली'. ज्याच्याशी एका भागात मारामारी, तो पुढच्या भागात घरचा. ड्वेन जॉन्सन आला, जेसन स्टेथम आला, शार्लीझ थेरॉन, हेलन मिरेन, जॉन सीना, शेवटी जेसन मोमोआ आणि ब्री लार्सन. एकत्र कुटुंबात दरवर्षी एक घरजावई यावा आणि एकानेही वेगळं निघू नये, मग दुसरं काय होणार? कथेत प्रत्येकाला पाच मिनिटं द्यायची, आणि पाच मिनिटांचा चेक मात्र पूर्ण सिनेमाचा.

गोष्टही तशीच फुगत गेली. पहिल्या भागात ही मंडळी काय करत होती? रात्रीच्या हायवेवर धावत्या ट्रकमधून डीव्हीडी प्लेअर पळवत होती. आठव्यात त्यांच्यामागे बर्फ फोडून पाणबुडी लागली आणि नवव्यात मोटार रॉकेट बांधून अंतराळात गेली. माझा भाचा हायवेलगत गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान चालवतो. पहिला भाग त्याचा जीव की प्राण. त्याचं म्हणणं, ट्रकचा सीन बघताना हात घामेजतात, कारण सावद्याहून केळी भरून निघालेला ट्रक घाटात कसा डुलतो ते आपण बघितलेलं असतं. अंतराळात आपलं कोण गेलंय?

नवव्या भागाचं तर आमच्याकडे भलतंच झालं. भारतात तो २०२१ च्या ऑगस्टमध्ये लागला, पण महाराष्ट्रातली थिएटरं करोनामुळे २२ ऑक्टोबरपर्यंत बंदच होती. भाच्याच्या दुकानात पोरांनी तो मोबाइलवर बघितला. तिसऱ्या भागात मेलेला हॅन त्यात उभा राहिल्यावर शिरपूरकडचा एक मिस्त्री हातातला पाना तसाच धरून म्हणाला, "तो ते मरी गया व्हता ना भो, आते कसा उना?" समीक्षकांनी पानं खर्ची घातली, त्याला एवढं एक वाक्य पुरलं. या मालिकेत मेलेली माणसं इतक्यांदा परत आलीत की आता कुणाच्या मरणाची भीतीच वाटत नाही, आणि भीती नाही तिथे अकरावा भाग कशाला बघायचा?

एकच मरण खरं होतं. मालिकेच्या दोन नायकांतला एक, पॉल वॉकर, ३० नोव्हेंबर २०१३ रोजी मोटार अपघातात गेला, सातव्या भागाचं चित्रीकरण अर्ध्यावर असताना. उरलेली दृश्यं त्याच्या दोन भावांना उभं करून आणि संगणकावर चेहरा चढवून पुरी केली. सिनेमा आला तो २०१५ च्या एप्रिलच्या सुरुवातीला, भारतात १०० कोटी रुपयांच्या पुढे गेला. तोवर इथे कुठल्या हॉलिवूडपटाने एवढी कमाई केलेली नव्हती. मी तो भुसावळला सिंगल स्क्रीनमध्ये पाहिला, हिंदीतून. एप्रिल म्हणजे आमच्याकडे टॉकीजचा हंगाम. बाहेर बेचाळीस अंश असताना निम्मी बाल्कनी केवळ गारव्यासाठी भरते. शिट्ट्या, आरोळ्या, विमानातून मोटारी पडतात तिथे खुर्च्यांवर नाच. शेवटी दोन गाड्या शेजारी शेजारी धावतात आणि रस्ता फुटतो, एक इकडे, एक तिकडे. सवयीप्रमाणे डोअरकीपरने दारं आधीच उघडली. उन्हाचा पट्टा आत आला तरी कुणी उठेना. माझ्या पुढच्या रांगेत रेल्वेच्या शेडमधली चार-पाच पोरं होती, त्यातला एक दुसऱ्याला दबक्या आवाजात सांगत होता की हा खरा नाही, ह्याचा भाऊ आहे. दुसरा म्हणाला, "माहितीये. चूप बस."

आपल्याकडे असा प्रसंग 'झपाटलेला'च्या बाबतीत येऊन गेला. १९९३ चा सिनेमा, २००४ मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे गेले, आणि २०१३ मध्ये दुसरा भाग आला तो थ्रीडीत. बाहुला होता तसाच होता. पण लोक बाहुल्याकडे बघताना लक्ष्या शोधत होते, हे मी स्वतः थिएटरात अनुभवलंय.

तर ती २०१५ ची गर्दी निरोपाची होती. दीड अब्ज डॉलर मालिकेने एकटीने कमावलेले नाहीत. त्यातले बरेच एका माणसाला शेवटचं बघायला आले होते. नाना एखाद्या टॉकीजचा भाव ठरवताना वर्षभराचे डीसीआर काढत, पण दिवाळीचा आणि ईदचा आठवडा बाजूला ठेवून सरासरी धरत. मालक कुरकुर करायचा, तेच दोन आठवडे पुढे करायचा. नाना ऐकत नसत. सणाच्या आठवड्यात काहीही लावलं तरी चालतं, ती पिक्चरची कमाई नव्हे. स्टुडिओने उलट केलं. तो एक आठवडा धरून पुढच्या सगळ्या भागांचा खर्च बांधला. सातव्याला १९ कोटी, आठव्याला २५, दहाव्याला ३४. त्या शेवटच्या आकड्यात करोनाचा आणि चित्रीकरण सुरू झाल्यावर दिग्दर्शक जस्टिन लिन सोडून गेल्याचाही वाटा आहे. नवा दिग्दर्शक येईपर्यंत युनिटचा खर्च थोडाच थांबतो! पण मुळात पाया चुकला तो सातव्या भागानंतर.

या मालिकेतला माझा आवडता भाग तिसरा, 'टोकियो ड्रिफ्ट'. त्याचं कारण भलतंच आहे: तो सगळ्यांत कमी चालला. २००६, खर्च साडेआठ कोटी, जगभर गल्ला १६ कोटींच्या आतबाहेर. नानांच्या भाषेत पेटी परत पाठवण्याच्या लायकीचा. जुने नट जवळजवळ नाहीत, गोष्ट जपानात, नायक शाळकरी पोरगा. दुसरा कुठला स्टुडिओ असता तर दुकान बंद करून डीव्हीडीच्या बाजारात गेला असता. पण याच भागातून जस्टिन लिन आला, हॅन आला, आणि शेवटच्या मिनिटभरात मालिकेचा मूळ नायक विन डिझेल येऊन बसला. पुढे २००९ मध्ये जुनी चौकडी परतली तेव्हा खर्च साडेआठ कोटींच्या जवळच ठेवला होता आणि गल्ला ३६ कोटी आला. २०११ चा पाचवा भाग साडेबारा कोटींत बनला आणि ६२ कोटींच्या वर गेला. हॅन लोकांना एवढा आवडला की चौथा, पाचवा आणि सहावा भाग तिसऱ्याच्या आधी घडतो असं मानून घ्यावं लागलं. पडेल पिक्चरने पुढच्या तीन हिटची बेगमी केली. असं होतं याचं कारण, पडलेल्या सिनेमानंतर कुणी मानधन वाढवून मागत नाही, आणि दिग्दर्शकाला डोकं चालवावं लागतं.

म्हणून मला या मालिकेच्या भविष्याची चिंता वाटते ती दहावा भाग कमी चालला म्हणून नाही. तो पुरेसा पडला नाही, ही माझी तक्रार आहे. सत्तर कोटी ही मोठी फसवी रक्कम. बंद करावं म्हणावं तर फार मोठी आणि तसंच चालू ठेवावं तर फार लहान. अकराव्या भागाची तारीख त्यामुळेच पुढे पुढे ढकलली जातेय, असं मला वाटतं.

२०२५ च्या जूनमध्ये विन डिझेलने चाहत्यांसमोर शेवटच्या भागासाठीच्या आपल्या अटी सांगितल्या. लॉस एंजेलिसला परत जायचं, रस्त्यावरच्या शर्यतींकडे परत जायचं, आणि डॉम, म्हणजे त्याचं स्वतःचं पात्र, व ब्रायनला पुन्हा एकत्र आणायचं. पहिल्या दोन गोष्टी मला पटतात. त्यात शहाणपण आहे आणि काटकसरही. पाणबुडीचे पैसे वाचतात. तिसरीवर माझं आणि भाच्याचं कडाक्याचं भांडण झालं. ब्रायन म्हणजे पॉल वॉकर. त्याला पुन्हा संगणकावर उभा करणार. मी म्हटलं, त्याचा निरोप झालाय, आम्ही तिकीट काढून रडलोय, त्याच गोष्टीचं दुसऱ्यांदा तिकीट लावू नये. भाचा म्हणाला, "मामा, तुम्हाला नसेल बघायचं तर बघू नका, पण आमच्या पोरांना विचारा. तो नुसता गाडीतून उतरला ना, तरी टॉकीज डोक्यावर घेतील." आणि घेतीलही. मला ते ठाऊक आहे, म्हणूनच राग येतो.

आमचं हे चाललेलं असताना नाना ओट्यावर बसून होते. ऐकू कमी येतं, पण आकडे बरोबर ऐकू येतात. त्यांनी विचारलं, मागच्याला किती लागले, किती आले, घरच्या सर्किटचे किती. मी सांगत गेलो, ते एका लग्नपत्रिकेच्या मागे लिहीत गेले. पंचवीस कोटींच्या आत बनवला तर जमेल, असं मीच मध्ये म्हणालो. नानांनी मान हलवली नाही. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "परसेंटेजवर घे. एमजी देऊ नको."

भाच्याला ते अगदीच लागलं. "अहो नाना, शेवटचा भाग आहे. सगळं भुसावळ येईल."

"शेवटचा आहे म्हणूनच म्हणतो," नाना म्हणाले. "पडला तं पुढच्या पिक्चरमध्ये ॲडजस्ट करतो म्हणायले कोणी राहणार नाही."